म्हणूनबाईंचा पट्टा

ज्याला आपल्या पायांनी, आपल्या मनाने, कुणाचाही हात न धरता चालता येतं, तोच माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र. हे मत म्हणूनबाईंचं, आणि त्यावर तडजोड नाही. फक्त एवढंच, की ज्या यंत्रावर चालता चालता त्या हे मत मांडत, त्यावर सकाळभर चाललं तरी समोरची भिंत तसूभर जवळ येत नसे.

म्हणूनबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कॉलेजात उभी हयात तर्कशास्त्र शिकवलं आणि दर तिसरं वाक्य 'म्हणून' या शब्दाने सुरू केलं, तेव्हा मुलांनी हे नाव ठेवलं. निवृत्तीनंतर मुलं सुटली, नाव सुटलं नाही. यजमान होते तेव्हा लाडात आले की तेही हेच म्हणत, आणि भांडणात तर हमखास.

यजमान गेल्यावर बाई एकट्या राहू लागल्या आणि एके दिवशी पडल्या. रस्ता सरळ, कोरडा, वर लख्ख ऊन. पडायला काही म्हणजे काही कारण नव्हतं. तर्कशास्त्राच्या प्राध्यापिकेला ही गोष्ट हाडापेक्षा जास्त लागली. खुब्यात धातूचा तुकडा बसला. डॉक्टर म्हणाले, भरपूर चाला. चिरंजीव म्हणाले, अजिबात चालू नकोस. चिरंजीव दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत जोखीम कमी करण्याचं काम करत, आणि तूर्त त्यांच्या डोळ्यांसमोर सगळ्यात मोठी जोखीम आईच होती.

मधला मार्ग म्हणून एक हात धरणारी बाई आली. ती म्हणूनबाईंचा दंड असा काही पकडून रस्त्याने नेई, की बघणाऱ्याला वाटावं, चोर सापडला. त्याहून वाईट म्हणजे ओळखीचे लोक थांबत आणि त्या बाईला विचारत, "कशा आहेत आता?" म्हणूनबाई शेजारीच उभ्या असत, शुद्धीवर असत, आणि त्यांना वाचाही होती. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिला निरोप दिला. मग माय-लेकात तह झाला: चालायचं, पण घरात. त्या तहाचं फलित म्हणजे मागच्या खोलीतलं चालायचं यंत्र. दोन्ही बाजूंना दांडे, समोर पडदा, खाली काळा पट्टा. पडद्यावर चाललेलं अंतर उमटे. आतापर्यंत म्हणूनबाई शेजारच्या तालुक्याला पोचल्या असत्या. पण मुख्य गोष्ट अंतराची नव्हती. त्या खोलीत त्यांचा दंड कुणाच्याही मुठीत नसे.

तर एके सकाळी पट्ट्याने एक गचका दिला आणि तो थांबला. पडद्यावर इंग्रजी ई आणि पुढे एक आकडा आला. म्हणूनबाईंनी माहितीपुस्तक काढलं. त्या आकड्यापुढे लिहिलं होतं, "बिघाड. सेवा केंद्राशी संपर्क साधावा." यंत्र बिघडलंय एवढं त्यांनाही कळलं होतं.

सेवा केंद्राचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याने यंत्र चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात सांगितलं, "बोर्ड गेलाय."

"उघडून न बघता?"

"आम्हाला अनुभव असतो, मॅडम. मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा बोर्ड असतो आत. तोच जातो. आणि हे मॉडेल आता बंद झालंय, बोर्ड मिळत नाही."

"नवा कोण मागतंय? आहे तो दुरुस्त करा."

"दुरुस्त करायची पॉलिसी नाही. बदलायची आहे." त्याने टॅबवर एक चित्र दाखवलं. त्यात एक पांढऱ्या केसांचं जोडपं सोफ्यावर बसून पायाने पॅडल फिरवत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच दात मिळाल्यासारखं हसत होतं. "जुनं द्या, हे घेऊन जा. ज्येष्ठांसाठी खास. पडायची भीतीच नाही."

"बसल्यावर कशी असेल?" म्हणूनबाई म्हणाल्या.

त्या माणसाने चिरंजीवांना परस्पर कळवलं. संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "आई, सगळं ठरवलंय. रविवारी मी येतो, टेम्पो येईल, जुनं नेतील, नवं ठेवतील. आणि बाहेर जायला ती बाई परत येतेय. बोललोय मी तिच्याशी."

"माझ्याशी कधी बोलणार होतास?"

"आता बोलतोय ना. अगं, यंत्र बंद आहे. त्याला मी काय करू?"

"चालू झालं तर?"

"ते होणार नाही."

"मी ते विचारलं नाही. चालू झालं तर?"

"तर... तर राहू दे. पॅडलपण नको आणि बाईपण नको. बास?"

"शब्द?"

"शब्द, आई." फोन ठेवताना चिरंजीव हसल्याचं ऐकू आलं. म्हणूनबाईंनी असल्या हसण्याच्या उत्तरपत्रिका पुष्कळ तपासल्या होत्या.

त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली, "भाऊजी!"

भाऊजी म्हणजे यजमानांचे धाकटे भाऊ. मुक्काम खालच्या मजल्यावर. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी फेकायला सुरुवात केल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि दुकान होतं तसं घरात आणून ओतलं. परिणामी पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही, आणि हे भाऊजी तोटा मानत नसत. "डोळ्यांत ढग, हातांत भूकंप, पण डोकं जागेवर," असं ते स्वतःबद्दल सांगत. यातल्या तिसऱ्या मुद्द्यावर वहिनींनी मत राखून ठेवलं होतं.

भाऊजी पिशवीभर हत्यारं घेऊन वर आले. "काय म्हणाला कंपनीचा माणूस?"

"बोर्ड गेला म्हणाला."

"उघडलं त्याने?"

"नाही."

"मग त्याला काय स्वप्न पडलं?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

यंत्राच्या पुढच्या टोपणाचे स्क्रू म्हणूनबाईंनी काढले, कारण भाऊजींचा स्क्रूड्रायव्हर स्क्रूभोवती प्रदक्षिणा घालत होता. टोपण निघालं. आत एक जाडजूड मोटर, एक रबरी पट्टी, आणि बाजूला हिरवट बोर्ड. सगळ्यावर धुळीचा पांढुरका थर. म्हणूनबाई बोट पुढे करणार तोच भाऊजी ओरडले, "हात मागे! प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नसतं. ते दोन काळे डबे दिसतायत? त्यांच्यात साठून राहते. जुन्या भांडणातल्या नातेवाइकासारखी. वरून शांत, पण हात लावा की बसलाच फटका."

त्यांनी वायर जोडलेला एक साधा बल्ब काढला आणि त्या डब्यांच्या पायांना टेकवायला सांगितला. बल्ब भपकन पेटला आणि मलूल होत विझला.

"झालं. आता घ्या त्याला मांडीवर."

"भाऊजी, मला हे रीतसर करायचंय. संशयित किती?"

"मोटर, बोर्ड, वेग मोजणारा डोळा, आणि वायरी."

"म्हणून एकेकाला निर्दोष ठरवायचं. शेवटी उरेल तो. आम्ही याला निरसन म्हणतो."

"आम्ही याला सोमवार म्हणायचो. दुकान उघडलं की हेच."

पहिला नंबर मोटरचा. भाऊजींनी आपल्या स्कूटरची बॅटरी काढून आणली. स्कूटर ते चालवत नव्हतेच. डॉक्टरांनी आणि शेजाऱ्यांनी एकमुखाने मनाई केली होती. मोटरच्या वायरी बोर्डापासून सोडवून बॅटरीला टेकवल्या. मोटर गुरगुरली आणि पट्टा रांगत्या पोरासारखा पुढे सरकला.

"मोटर निर्दोष," भाऊजींनी निकाल दिला. "कमी वीज मिळाली म्हणून हळू, पण फिरतेय ना. सोडा तिला."

मग मोटरच्या जागी तोच बल्ब बोर्डाला जोडला. "बोर्ड ठीक असेल तर बल्ब क्षणभर तरी लागेल. मग विझेल, कारण पट्टा फिरताना दिसत नाही म्हणून बोर्ड घाबरतो आणि हात आखडतो. पण आधी लागला पाहिजे. आता प्लग लावा आणि लांब व्हा."

म्हणूनबाईंनी बटण दाबलं. बोर्डात टक् असा आवाज आला. बल्ब ढिम्म.

"म्हणजे तो इस्त्रीवाला बरोबर बोलला," म्हणूनबाई म्हणाल्या. हे वाक्य उच्चारताना त्यांना औषध घेतल्यासारखं झालं.

"बोर्ड गेला आणि बोर्ड आजारी आहे, यात फरक आहे वहिनी. आपल्या वयात तरी तो करायला पाहिजे." भाऊजींनी पिशवीतून एक लांब लाकडी पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "हिच्या टोकाने बोर्डावर हळूच टकटक करत जा. लाकूडच, दुसरं काही नाही. आणि दुसरा हात पाठीमागे ठेवा."

एक हात पाठीमागे, दुसऱ्यात पट्टी, असा म्हणूनबाईंचा वर्गावर जातानाचाच पवित्रा होता. दर वेळी बटण दाबायचं, टकटक करायची. वरच्या कोपऱ्यात काही नाही. मधे काही नाही. एका चौकोनी डबीच्या पाठीवर पट्टी पडली आणि बल्ब डोळा मारल्यासारखा लुकलुकला. पट्टी दाबून धरली, तर पेटला. सोडली, तर विझला.

"दिसलं!" म्हणूनबाई ओरडल्या.

"मला नाही दिसलं, पण ऐकू आलं," भाऊजी म्हणाले. "रिले आहे ती, मोटरकडे वीज सोडणारं फाटक. तिच्या पायाचा डाख सुटलाय, कथलाचा जोड."

प्लग काढून, काळे डबे पुन्हा बल्बने रिकामे करून बोर्ड बाहेर काढला. उलटा करून भिंगाखाली धरला, तर रिलेच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर. पाय बोर्डात होता, पण बोर्डाला धरून नव्हता. म्हणूनबाईंना आपला खुबा आठवला, पण त्यांनी तो विचार तिथेच थांबवला. उपमेने काही सिद्ध होत नाही, असं त्यांनीच आयुष्यभर शिकवलं होतं.

आता डाख द्यायचा. भाऊजींनी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं आणि त्याचं तापलेलं टोक हवेत सही करू लागलं. दोघांनी ते एकाच वेळी पाहिलं. भाऊजींनी दांडा वहिनींपुढे केला.

"मी कधी केलेलं नाही हे."

"पोळ्या... नाही, तेही तुम्ही फारसं केलेलं नाही. जाऊ द्या. आधी पाय तापवा, मग त्यावर तार टेकवा. तार आपणहून वितळली पाहिजे. आयर्नवर वितळवून वरून थापायची नाही. थापलेलं टिकत नाही."

पहिला डाख जमला नाही. गोळी होऊन बसला. भाऊजींनी तो शोषून काढायला लावला. दुसरा वाकडा. "वाकडा चालेल का?" "नवऱ्यांमध्ये चालतो, इथे नाही." तिसऱ्या वेळी कथील पायाभोवती पाण्यासारखं पसरलं आणि चकाकून बसलं. म्हणूनबाई मान वर करेनात. एवढं समाधान त्यांना डॉक्टरेट मिळाली तेव्हाही झालं नव्हतं. तेव्हा मार्गदर्शकांचं नाव वर होतं.

बोर्ड जागेवर गेला. बल्ब लागला. बल्ब काढून मोटर जोडली, तीही फिरली. पट्टा सुळसुळ धावू लागला. भाऊजींनी टाळी वाजवली, ती दोन्ही हात एकमेकांना सापडल्यामुळे वाजलीही. म्हणूनबाईंनी दांडे धरले, पट्ट्यावर पाय ठेवला, चार पावलं टाकली, आणि पट्टा गचका देऊन थांबला. पडद्यावर पुन्हा तोच ई.

म्हणूनबाई दांडे धरून खाली उतरल्या.

"होतं असं," भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "यंत्रच ते."

"नाही भाऊजी. रिकामा पट्टा चालतो. मी उभी राहिले की थांबतो. म्हणून दोष वीज मिळण्यात नाही, ओढण्यात आहे. मोटरला जड जातंय."

"तुम्ही काही फार जड नाही हो, वहिनी."

"विषय बदलू नका. पट्टा कशावर तरी घासतोय." त्यांनी प्लग काढला, खुब्याला सांभाळत स्टुलावर बसल्या, वाकल्या आणि पट्ट्याची कड उचलून खालच्या फळीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरा, दाट लेप लागला. त्यांनी तो दोन बोटांत चोळला. मग टोपणाखालचा तो पांढुरका थर चोळून पाहिला. तोच. वेग मोजणाऱ्या डोळ्यावरही तोच. त्यांनी वास घेतला. वास नव्हता.

"भाऊजी, घरातली धूळ करडी असते. ही पांढरी आहे. पिठाला वास असतो. हिला नाही. आणि ही अशी गुळगुळीत आहे की बोटावर बोट ठरत नाही. गेल्या महिन्यात मी म्हणाले होते, पट्टा किंचाळतो. कोणाला म्हणाले होते?"

"आठवत नाही."

"माझ्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"हे बघा वहिनी..."

"आणि या इमारतीत कॅरमचा माजी विजेता कोण?"

भाऊजींचे कान लाल झाले. "पट्टा घासत होता. घासणाऱ्या गोष्टीला पावडर लावतात. सोंगटी कशी सरकते माहितेय ना? आयुष्यभर सरकवली मी."

"किती घातली?"

"डबा."

"अख्खा?"

"थोडी उरली होती. मग म्हटलं ठेवून काय करायचं."

त्या पावडरीने खालचं तेल पिऊन घेतलं, त्याचा चिखल झाला, पट्टा फळीला चिकटून जड झाला. मोटर ओढू लागली, बोर्ड तिला वाढीव वीज पुरवत राहिला, रिलेचा पाय तापत राहिला आणि एका सकाळी सुटला. म्हणूनबाईंनी हे सगळं पायरीपायरीने मोठ्याने मांडलं. भाऊजी जुन्या सवयीने प्रत्येक पायरीला मान डोलावत राहिले आणि शेवटच्या पायरीवर आपणच उभे असल्याचं लक्षात आल्यावर थांबले.

"मी जातो," ते पिशवी उचलत म्हणाले.

"कुठे जाताय? हे पुसायला तुमचा भाऊ वरून येणार आहे?"

मग पट्टा सैल केला. भाऊजींनी जमिनीवर बसून फळी पुसली, वर पुन्हा पुसली. थरथरणारे हात पुसण्याच्या कामाला फारच उपयोगी पडतात असं दिसून आलं. त्यांच्या दुकानी ढिगाऱ्यातून सिलिकॉनच्या तेलाची बाटली निघाली, ती फळीवर फिरवली. म्हणूनबाईंनी ब्रशने बोर्डाची आणि वेगाच्या डोळ्याची पावडर झटकली. शुक्रवारी त्या पट्ट्यावर उभ्या राहिल्या आणि चालल्या. शनिवारी चहाचा कप थंड होईपर्यंत चालल्या. पडद्यावर ई आला नाही.

रविवारी चिरंजीव सकाळीच आले. मागोमाग खाली टेम्पो लागला.

"आई, हे चालू आहे!" चिरंजीव मागच्या खोलीच्या दारात थबकले. नळ वाहता सोडलेला सापडावा, असा त्यांचा स्वर होता. "कोणी केलं?"

"आम्ही."

चिरंजीवांनी भाऊजींकडे पाहिलं. "काका, तुम्हाला नीट दिसत नाही."

"मला दिसत नाही, वहिनींना येत नाही. म्हणून दोघं बसलो."

"म्हणजे जास्तच धोकादायक! विजेचं काम आहे हे. कुठल्याही क्षणी परत बंद पडेल. आई, खाली उतर. टेम्पो आलाय, ते न्यायला वर येतायत."

"तू शब्द दिला होतास. चालू झालं तर राहील. चालू झालंय."

"अगं, ते मी कधी होणारच नाही असं समजून म्हटलं होतं!"

"तू काय समजून म्हटलंस ते मी विचारलंच नव्हतं. अट घातली, ती पुरी झाली. आता एक तर तू शब्द पाळ, नाही तर तुझा शब्द चालत नाही असं स्वतःच्या तोंडाने सांग. ते चालेल मला. तुझाही बोर्ड उघडून बघू."

भाऊजी खोकले. खोकला खरा नव्हता.

"आई, मला तुझी काळजी वाटते, हे तुला कळतच नाही का?"

"कळतं. तुझी काळजी मला दंडाला धरून रस्त्याने नेते आणि माझी तब्येत दुसऱ्याला विचारते. मी पडले होते, बाळा. संपले नव्हते. परत पडेन तर माझ्या पायांनी पडेन." असं म्हणून म्हणूनबाईंनी बटण दाबून वेग वाढवला. पट्टा सरसरला, त्यांची पावलं त्यावर टपटप पडू लागली. दांडे त्यांनी सोडले होते. "घे उचलून. माझ्यासकट."

चिरंजीवांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. त्यांच्या कामात यावर बहुधा काही तरतूद नव्हती.

टेम्पोवाला एव्हाना वर आला होता. हातात मोजपट्टी घेऊन तो मघापासून दारापाशी उभा होता. मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये, असं त्याला घरी शिकवलेलं दिसत होतं.

"साहेब, मी जाऊ का?" तो म्हणाला. "जुनं गाडीत चढल्याशिवाय नवं उतरवायचं नाही, असं कंपनीने सांगितलंय. आणि हे काही चढत नाही."

"म्हणजे? ती उतरेल आता. थांबा जरा."

"बाई उतरल्या तरी नाही. आडवं केलं तर दारात मोटर अडते, उभं केलं तर खांब अडतात. आणलं तेव्हा मुख्य दाराच्या आतलं हे लोखंडी जाळीचं दार नसणार. चौकट भिंतीत पक्की बसवलीय."

जाळीचं दार यंत्र आल्यानंतर, आईच्या सुरक्षेसाठी, चिरंजीवांनीच बसवून घेतलं होतं. यंत्र दारापेक्षा चार बोटं रुंद होतं.